ओझ्याने आखलेल्या वाटा

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून द्रुतगती महामार्ग ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक येते. बोरिवलीकर त्याला अजूनही नुसते ‘नॅशनल पार्क’ म्हणतात. उजाडायच्या आत इथे पासधारकांची ये-जा सुरू होते. निवृत्त मंडळी, योगासनांचे गट, मॅरेथॉनच्या तयारीला लागलेली तरुण मुले, सूनबाईंनी बळेबळे बाहेर काढलेले मधुमेही सासरे असा सगळा जमाव असतो. आठच्या सुमारास यातले बरेचसे लोक परत फिरतात आणि लोकल पकडायच्या तयारीला लागतात. फाटकापासून अर्धा-पाऊण तास आत गेलेल्याला मात्र महामार्गाचा आवाज ऐकू येत नाही.

उद्यानाचा विस्तार सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला बोरिवली ते गोरेगाव, पूर्वेला भांडुप, मुलुंड, ठाणे, उत्तरेला घोडबंदर रोड आणि वसईची खाडी, दक्षिणेला आरे आणि पवई. चारी बाजूंनी एवढी दाट वस्ती असूनही मधले जंगल टिकले आहे. जांभूळमाळ हा इथला सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून 468 मीटर. सह्याद्रीतल्या दुर्गांच्या मानाने ही उंची किरकोळच, म्हणून कसलेले ट्रेकर इकडे फारसे वळत नाहीत. गुडघे कुरकुरणारे, लहान मुले बरोबर असलेले, किंवा ‘चढ नको, पण झाडी हवी’ म्हणणारे यांच्यासाठी मात्र मुंबई-ठाण्याच्या आसपास याहून सोयीचे रान नाही.

इथल्या बहुतेक सोप्या वाटा हौशी फिरणाऱ्यांसाठी काढलेल्याच नाहीत. कोणी भिक्षेची झोळी घेऊन जात होते, कोणी डोक्यावर मोळी घेऊन, कोणी धरणाचा दगड वाहत, कोणी दुधाचे कॅन. ज्याला रोज ओझे घेऊन जायचे असते तो चढाला सरळ भिडत नाही. तो उताराच्या कडेने वळण घेतो, दम खायला सपाटी बघतो, पाणी कुठे मिळते ते लक्षात ठेवतो. त्याच्या मागून शेकडो पावले पडतात आणि पायवाट तयार होते. आज मोकळ्या हातांनी त्याच वाटेने जाणाऱ्याला ती सोपी वाटते ती त्यामुळेच.

भिक्षूंचा रस्ता

मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता साधारण सहा किलोमीटर आहे. उद्यानाची बस जाते, सायकल भाड्याने मिळते; पण चालत जाणेच उत्तम. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालण्याच्या वेळेचा एक अंदाज बांधून दिला होता: पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. तो हिशेब थंड हवेतला. कोकणपट्टीतल्या घामाच्या हवेत, मुलांना घेऊन, वाटेत माकडे आणि वारुळे बघत जाणाऱ्याने एका बाजूला दोन तास धरावेत.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेले खोदकाम जवळजवळ हजार वर्षे चालू होते. एवढ्या आडरानात एवढा मोठा संघ राहिला कसा, याचे उत्तर नकाशात सापडते. सोपारा, कल्याण, ठाणे आणि चौल ही जुनी बंदरे व बाजारपेठा या डोंगराच्या आवाक्यात होती. लेण्यांमधल्या शिलालेखांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य दोघा व्यापारी भावांनी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात करवून घेतला. त्याच्या ओसरीच्या दोन टोकांना साधारण सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. त्या बऱ्याच नंतरच्या. व्यापाऱ्यांचा माल घाटावरून बंदराकडे उतरायचा, भिक्षू त्या वस्त्यांतून भिक्षा घेऊन डोंगरावर परतायचे. धान्य, तेल, कापड सगळे माणसांच्या पाठीवरूनच वर येत असणार. लेण्यालेण्यांना जोडणाऱ्या, कातळातच कोरलेल्या पायऱ्या आजही वापरात आहेत.

बहुतेक लोक चैत्य पाहतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. पायात थोडा दम असेल तर पायऱ्यांनी वर जावे आणि प्रत्येक लेण्याच्या दाराशी बाजूला बघावे. तिथे कातळात एक चौकोनी तोंड दिसते आणि आत काळेशार पाणी. ही पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके. आता मान वर करून लेण्याच्या माथ्यावरचा खडक पाहिला तर बोट-दोन बोटे खोलीचे अरुंद चर दिसतात. माथ्यावर पडलेला पाऊस या चरांतून वळवून टाक्यात सोडलेला असतो. एका लेण्यात राहणाऱ्यांना पुरेल एवढे पाणी त्यांच्याच छपरावरून गोळा करण्याची ही व्यवस्था आहे. पावसाळ्यात गेले तर ती चालू असतानाच पाहायला मिळते.

अकराव्या लेण्यात दोन लांबलचक, बुटके दगडी बाक समोरासमोर आहेत. लोक त्याला दरबार म्हणतात. पंगतीला बसायला ती जागा अगदी सोयीची. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इराणी वंशाच्या पारशी पाहुण्यांनी इ.स. 1009 आणि 1021 मध्ये इथे येऊन आपली नावे कोरून ठेवली. आज भिंतीवर नाव लिहिणाऱ्याला दंड होतो. हजार वर्षांपूर्वीच्या त्या नावांवरून मात्र पारशी समाजाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वावराचा एक नेमका पुरावा इतिहासकारांच्या हाती आला.

इथे माकडांपासून सावध राहावे लागते. पिशवीचा कुरकुर आवाज त्यांना बरोबर कळतो. खाऊ सॅकच्या आत, आणि सॅक पाठीवर. कातळाच्या कपारींना आग्या मोहोळे लटकलेली असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिथे जिवावर बेतू शकतो.

पाण्याने राखलेले रान

हे जंगल वाचले त्याचे मोठे श्रेय मुंबईच्या तहानेला जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेटावरच्या विहिरी आणि तळी वाढत्या वस्तीला पुरेनाशी झाली. 1856 मध्ये मिठी नदीच्या वरच्या अंगाला विहार धरणाचे काम सुरू झाले आणि 1860 मध्ये तिथून नळाने पाणी शहरात आले. हिंदुस्थानातल्या पहिल्या नळयोजनांपैकी ही एक. पुढे तेही अपुरे पडले तेव्हा 1879 मध्ये तुलसी तलाव पुरा झाला. पाणी स्वच्छ राहायचे तर वरच्या डोंगरावर वस्ती, शेती आणि जंगलतोड नको, म्हणून पाणलोटाचे क्षेत्र राखून ठेवावे लागले. त्या राखीव रानाभोवती पुढे उद्यान उभे राहिले.

आज मुंबईला सात जलाशयांतून पाणी येते आणि त्यात तुलसीचा वाटा नगण्य आहे. त्याची साठवण 804.6 कोटी लीटर, आणि त्यातून रोज जेमतेम पावणेदोन-दोन कोटी लीटर पाणी उचलले जाते. शहराच्या रोजच्या पुरवठ्याच्या हिशेबात हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये ‘तुलसी भरला’ ही बातमी वर्तमानपत्रांत हमखास येते. तुलसीचे जादा पाणी विहारात येते आणि विहार भरून वाहू लागला की ते मिठी नदीला मिळते. दहिसर नदीही याच डोंगरातून निघते. बोरिवली-दहिसरमध्ये जिला आपण नाला समजून नाक दाबतो, ती उद्यानाच्या आत खडकांवरून खळाळत येणारी स्वच्छ नदी आहे.

दोन्ही तलावांच्या काठी सर्वसामान्यांना जाऊ देत नाहीत. ओढ्याकाठच्या शिलोंडा वाटेवर मात्र वनखात्याच्या निसर्ग माहिती केंद्राची परवानगी आणि बरोबर वाटाड्या घेऊन जाता येते. चढ जवळजवळ नाहीच. वाट ओढ्याला कधी डावीकडे ठेवते, कधी उजवीकडे, आणि डोक्यावर करंज, कुंभा, ऐन, जांभूळ यांची सावली असते. पक्षी आणि फुलपाखरे पाहायला शिकणाऱ्या कित्येक मुंबईकरांनी पहिले धडे इथे गिरवले आहेत.

पावसाळा सरताना, ऊन पडलेल्या सकाळी, ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचा थवा बसलेला दिसतो. काळ्या पंखांवर निळसर हिरवा पट्टा असलेली पंधरा-वीस जण एकमेकांना खेटून बसतात आणि सोंड वाळूत खुपसतात. याला चिखलपान म्हणतात. बसलेली फुलपाखरे बहुतेक नर असतात. फुलांच्या मधात साखर भरपूर असली तरी क्षार फारसे नसतात. ते ओल्या मातीतून शोषून घ्यायचे आणि मीलनाच्या वेळी मादीकडे सोपवायचे, असा हा व्यवहार. मोठ्या काळ्या-निळ्या पंखांची राणी पाकोळी याच भागात दिसते. इंग्रजीत ब्लू मॉरमॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फुलपाखराला महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य.

याच दिवसांत वाटेवर आडवे ताणलेले, उन्हात सोनेरी दिसणारे जाळे तोंडावर येऊ शकते. जायंट वुड स्पायडर या कोळ्याचे ते घर. जाळ्याच्या मध्यावर बसलेली तळहाताएवढी मादी सगळ्यांना दिसते; तिच्याजवळच घुटमळणारा, नखाएवढाही नसलेला लालसर नर शोधून दाखवावा लागतो. विष माणसाला धोक्याचे नाही. पुढे चालणाऱ्याने हातातली काठी उभी धरून चालावे म्हणजे जाळेही वाचते आणि किंचाळीही.

येऊरच्या पायवाटा

ठाण्याच्या बाजूने या जंगलात शिरायचे तर उपवन तलावापासून येऊरचा घाट चढावा लागतो. वर पठारासारख्या भागात हवाई दलाचे केंद्र आहे, बंगले आहेत, आणि जांभूळपाड्यासारखे आदिवासी पाडे आहेत. वारली आणि मल्हार कोळी कुटुंबे इथे पिढ्यान् पिढ्या राहत आली. पाड्यापाड्यांना, शेतांना आणि ओढ्यांना जोडणाऱ्या पायवाटा त्यांच्या पायांनी घडवल्या आहेत. घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याकडूनही वनखात्याची निसर्गवाट आत जाते.

ओझे म्हणजे काय ते जून-जुलैत ठाण्याच्या जांभळी नाक्यावर पाहावे. आसपासच्या रानांतून आलेल्या बायका फुटपाथवर रानभाज्या मांडून बसलेल्या असतात: टाकळा, कंटोळी, भारंगी, शेवळे. शेवळांच्या जुडीबरोबर त्या आठवणीने मूठभर हिरवी फळे देतात. ही काकडे. शेवळात घशाला खाज आणणारे द्रव्य असते, काकडांच्या आंबट रसाने ते मारले जाते. ही जोडी बाजारात एकत्र विकली जाते, आणि रानातही पहिल्या पावसाबरोबर शेवळाचा जांभळट कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा काकडाच्या झाडाला फळे लागलेली असतात. येऊरच्या वाटेवर हा कोंब दिसला तर त्याला हात लावू नये. तो कोणाच्या तरी त्या दिवसाच्या मजुरीचा भाग असतो.

येऊरचे खरे नवल म्हणजे कारवी. एरवी हे उतारावर दाटीने वाढणारे, माणसाच्या उंचीचे, खरखरीत पानांचे झुडूप. पावसात हिरवे होते आणि उन्हाळ्यात त्याच्या नुसत्या काटक्या उरतात. सरळ आणि चिवट काठ्यांमुळे आदिवासी घरांचे कूड तिचेच असतात. कारवीच्या काठ्या विणून उभ्या करायच्या आणि वर शेणमातीचा गिलावा. पण आठ वर्षांतून एकदा डोंगरावरची सगळी कारवी एकदम फुलते. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत अख्खा उतार निळा-जांभळा होतो आणि मधमाश्यांची एकच झुंबड उडते. या जंगलात ती 2008 मध्ये फुलली, 2016 मध्ये फुलली आणि 2024 मध्ये फुलली. पुढची पाळी 2032 मध्ये.

फुलोरा संपला तरी कथा संपत नाही. फुले गळतात, बोंडे धरतात, झाड वाळते, आणि वाळलेली बोंडे कोरड्या दिवसांत तशीच फांदीवर राहतात. पुढच्या वर्षी पावसाची पहिली ओल लागली की ती फट्फट् फुटू लागतात आणि बिया लांब उडतात. उतारभर हा आवाज चालू असतो. जुनी पिढी अशी एकदम मरते आणि नवी एकदम रुजते. एकाच वेळी एवढे बी जमिनीवर पडले की खाणाऱ्या किड्या-प्राण्यांना सगळे संपवणे शक्य होत नाही, हे या एकगठ्ठा फुलण्याचे एक मान्य स्पष्टीकरण आहे. फुललेल्या वर्षी गर्दीही तशीच उसळते. सेल्फीसाठी झुडपांत घुसणाऱ्यांच्या पायाखाली रोपे तुडवली जातात, म्हणून त्या वर्षी तरी मळलेली वाट सोडू नये.

येऊरला धबधब्यांच्या ओढीने जाणारे पुष्कळ. दर पावसाळ्यात डोहात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात आणि प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते. वरच्या डोंगरावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी पाच-दहा मिनिटांत चढते. ते अचानक गढूळ झाले की काठावर यायची वेळ झाली. ओल्या कातळावरचे शेवाळ हा दुसरा शत्रू. हिवाळ्यात खाजकुहिलीच्या मखमली शेंगा वाटेवर लोंबतात. त्यांची लव अंगाला लागली तर तासभर नाच करावा लागतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट बारमाही बरी.

शेजारी बिबटे

या वाटांवर एक प्रश्न हमखास विचारला जातो: बिबट्या दिसेल का? बहुधा नाही. तो मात्र आपल्याला पाहत असू शकतो. 2015 मध्ये स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि आरेच्या परिसरात 35 बिबटे नोंदले गेले. क्षेत्रफळाच्या मानाने ही संख्या फार मोठी आहे. हरणे, माकडे आणि डुकरांबरोबरच वस्तीच्या कडेची भटकी कुत्री हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग. कचरा आहे तिथे कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबटे.

2002 ते 2004 या काळात इथे माणसांवरचे हल्ले फार वाढले होते. पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि दूर सोडायचे, हा तेव्हाचा उपाय उलटाच पडतो, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. ओळखीचा बिबटा हलवला की त्याची हद्द मोकळी होते आणि तिथे नवखा येतो. हलवलेला प्राणीही बिथरतो. पुढे वनखाते, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून कचरा हटवणे, रात्री दिवे लावणे, मुलांना एकटे न सोडणे अशा साध्या गोष्टींवर भर दिला.

पाड्यांवरच्या लोकांना यातले बरेच काही आधीपासून ठाऊक होते. वारली वस्त्यांमध्ये वाघोबाचे देऊळ असते, कधी शेंदूर फासलेला दगड, कधी लाकडात कोरलेले चित्र. वाघबारशीला त्याची पूजा होते. वाघ आणि बिबटा यांत ते फरक करत नाहीत, दोघेही वाघच.

फिरणाऱ्यासाठी नियम सोपे आहेत. अंधार पडायच्या आत बाहेर, लहान मूल मोठ्यांच्या मध्ये, झुडपाआड एकट्याने बसायचे नाही, कानात इअरफोन नको. समोर आलाच तर पळू नये, वाकू नये. उभे राहून, त्याला वाट देत, मागे सरावे.

दुधाचे रस्ते आणि गडाची वाट

गोरेगावच्या बाजूला आरे दूध वसाहत 1949 मध्ये वसली. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर न्यायचे आणि मुंबईला शुद्ध दूध द्यायचे, ही दारा खुरोडी यांची योजना. जवळपास तेराशे हेक्टरांवर गोठे, चाऱ्याची कुरणे आणि त्यांना जोडणारे रस्ते आले. आजही आरेत पत्ता सांगताना युनिटचा नंबर सांगतात. गाड्यांसाठी आखलेले हे रस्ते हलक्या चढाचे आणि झाडीचे आहेत, पण हल्ली त्यांवर वाहतूकही बरीच असते. निवांत चालायचे तर चित्रनगरीला लागून असलेले बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र बरे. 33 एकरांच्या या रानात तासा-दीड तासाच्या छोट्या वाटा आहेत आणि झाड, पक्षी, कोळी ओळखून सांगणारे जाणकारही मिळतात. शाळकरी मुलांच्या पहिल्या फेरीला हे ठिकाण नेमके.

ओझ्याच्या वाटेचा स्वभाव कळायला तिच्या उलटी वाट पाहावी. पनवेलजवळच्या कर्नाळ्याला 1968 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि वर किल्ला. किल्ल्याचा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून अंगठ्यासारखा उभा दिसतो. वर जाणारी वाट दमछाक करते, अंगावर येते. आणि ती तशीच हवी होती. गड बांधणाऱ्याला येणाऱ्याचा दम काढायचा होता. याच जंगलाच्या पायथ्याशी हरियाल आणि मोरटाका या नावांच्या निसर्गवाटा आहेत, जवळपास सपाट. जूनमध्ये नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकायची आणि तिबोटी खंड्याची निळी-नारिंगी झेप पाहायची तर किल्ला सोडून याच वाटा धराव्यात. हे दोघेही झाडीत खालच्या अंगाला वावरतात.

गुडघ्यांसाठी खाडी

ज्यांना चढ अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी खाडीचा काठ आहे. ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांना मिठागरांचे बांध, खारफुटीच्या कडेचे रस्ते आणि सांडपाणी केंद्रांचे मार्ग आहेत. भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर पक्षीनिरीक्षकांत वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे केंद्र आहे. तिथे खारफुटीतून लाकडी मार्गावरून फिरता येते आणि बोटही सुटते.

रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची संख्या भरात असते. चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात. लहान रोहिताचे मुख्य खाद्य सूक्ष्म शैवाल. त्यातल्या रंगद्रव्यांमुळेच पिसे गुलाबी होतात. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगतात आणि दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलते. भरतीच्या आधीचे दीड-दोन तास गाठले तर मुलांनाही साध्या डोळ्यांनी वाकडी चोच दिसते. तिथी ठाऊक असणाऱ्याला भरतीचा अंदाज घरबसल्या येतो. कोळीवाड्यात हा हिशेब तोंडपाठ असतो.

नवी मुंबईत फिरायला लोकप्रिय झालेले काही काठ तर मुळात यंत्रणेचेच भाग आहेत. हे शहर बऱ्याच ठिकाणी भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसले. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडच्या झडपा बंद होतात, शहराचे पाणी तलावात साठते; ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि तलाव रिकामा होतो. नेरूळचा ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हा अशाच एका तलावाभोवतीचा फिरण्याचा मार्ग. सकाळी तिथे चालणारे, धावणारे, बगळे मोजणारे सगळे असतात.

पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने क्रम असा लावावा: हिवाळ्यात खाडीकाठ, जानेवारी-फेब्रुवारीत कान्हेरी, मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुललेले असताना येऊर, आणि पावसाळा ओसरल्यावर परवानगी काढून शिलोंडा. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. कान्हेरीला पुरातत्त्व खात्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. माणशी दीड-दोन लीटर पाणी, टोपी, मागच्या पट्ट्याची चप्पल नव्हे तर चांगल्या पकडीचे बूट, पावसाळ्यात कोरडे मोजे आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, एवढे सामान पुरते.